आधी दादाला

१

ग्यूवॉनचा फोटो काढला होता, पण खिळा भिंतीत तसाच होता. शाळेच्या दारातून आत गेलं की उजव्या हाताला पदकं मिळवलेल्या मुलांच्या फोटोंची रांग लागते. त्या रांगेत आता एक रिकामा चौकोन होता, बाजूच्या भिंतीपेक्षा जरा उजळ. माझा मेहुणा बॉमसू त्या चौकोनासमोर उभा राहून बघत होता. आधी मुलगा गेला, आणि महिन्याभरात त्याचा फोटोही गेला.

ग्यूवॉन अठरा वर्षांचा होता. आमच्या सोकचॉन गावच्या क्रीडा शाळेत वजन उचलायचा, आणि चांगलं उचलायचा. एका सकाळी सरावात त्याने बार डोक्यावर घेतला, नीट खाली ठेवला, फळ्यांच्या ओट्याच्या कडेला बसला आणि बसल्या जागी आडवा झाला. मुलांना वाटलं, थट्टा करतोय. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

पुढचं नंतर कळलं. शवविच्छेदनात त्याचं हृदय वाढलेलं निघालं. अंगात स्नायू वाढवणारं, बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. डोक्याचे केस तपासले तेव्हा दिसलं की हे काही महिने चाललं होतं. त्याच आठवड्यात वसंतातल्या शिबिरात घेतलेल्या लघवीचा अहवाल आला, त्यातही तेच. पोलिसांनी लिहिलं, मुलाने स्वतःच्या मर्जीने औषध घेतलं, आणि प्रकरण बंद केलं. भारोत्तोलन महासंघाने त्याचा विक्रम पुसला. शाळेने फोटो उतरवला.

बॉमसू बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याच्या नखांतलं काळं तेल अंत्यविधीच्या दिवशीही निघालं नव्हतं. शाळेतून बाहेर पडल्यावर तो धक्क्यावर माझ्या शेजारी बसला.

"दाजी, तुम्ही सगळी नोकरी पोलिसात काढलीत," तो म्हणाला. "मला एकच सांगा. त्यानं ते स्वतःहून घेतलं का?"

"घेतलं असेल तर?"

"तर घेतलं. मी बाप आहे, ऐकून घेईन. पण कळू दे. लोक मला काही विचारत नाहीत. मी आलो की गप्प होतात."

मी नाही म्हणणार होतो. निवृत्त झाल्यापासून मी कुणाच्या दारात प्रश्न घेऊन गेलो नव्हतो, आणि मालसून गेल्यापासून तर कुणाच्याच दारात गेलो नव्हतो. मालसून म्हणजे माझी बायको, बॉमसूची थोरली बहीण. ती गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं तर मला आणि नर्सला मिळून जमायचं नाही. ग्यूवॉन रविवारी यायचा आणि आपल्या आत्याला नुसता उचलायचा, सावकाश, श्वास न रोखता. ती म्हणायची, याच्या हातात मला माझं वजन कळतच नाही.

म्हणून मी हो म्हणालो.

२

पोलीस ठाण्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी मला अहवाल वाचू दिला आणि चहा पाजला. त्यातल्या एकाने प्रेमाने सांगितलं की काका, यात काही नाही, ही पोरं सगळीच घेतात. कुठल्या पोराला घेताना बघितलं, असं मी विचारलं, तर त्याने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मी वसतिगृहात गेलो. ग्यूवॉनच्या खोलीत तिघं राहायची. तो सगळ्यात मोठा, म्हणून खोलीचा प्रमुख. दुसरा इन्हो, जड गटातला, बोलका. तिसरा दोहान, एका वर्गाने लहान, हलक्या गटातला. दोहान तेव्हा खोलीत नव्हता. मी नेलेले लाल चवळीचे बन खात खात इन्होने मला सगळं सांगितलं.

ग्यूवॉनला ही मुलं मठातले महाराज म्हणायची, कारण त्याच्यासारखा सोवळा दुसरा कुणी नव्हता. पाण्याची बाटली क्षणभर नजरेआड झाली तर तो ती मोरीत ओतायचा. हिवाळ्यात सर्दीने बेजार झाला, पण साधी गोळी घेतली नाही, नाक पुसत वजनं उचलली. कुणी कसली पावडर आणली की डब्यावरचं बारीक अक्षर वाचत बसायचा आणि मग डबा परत द्यायचा.

वसंतातल्या शिबिरात तपासणीवाले न कळवता आले, तेव्हाची गोष्ट इन्होने हसत सांगितली. अर्ध्या पोरांचे चेहरे उतरले. काहींना लघवीच होईना. ग्यूवॉन मात्र दोन ग्लास पाणी पिऊन रांगेत पहिला उभा राहिला.

त्याच सुमारास त्याचं वजन वाढत होतं. पाठीवर मोठं पुरळ आलं होतं. बार दर आठवड्याला जड होत होता. तो स्वतः खूश होता. सरांनी बैठकांचा नवा कार्यक्रम दिलाय, तो अंगी लागला, असं सगळ्यांना सांगायचा.

मी दोहानबद्दल विचारलं. इन्होने बनाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

"आमची सूनबाई," तो म्हणाला. "ग्यूवॉनदादाची सेवा काय करायची विचारू नका. गुडघ्याच्या पट्ट्या धुणार, गादी घालणार, पाठ चोळणार. आणि सारखं आपलं, दादा डोकं दुखतं का, दादा छातीत धडधडतं का. एकदा तर त्यांच्या लघवीचा रंग विचारला! आम्ही लोळलो हसून. मी म्हटलं, सूनबाई, सासऱ्याची एवढी काळजी माझ्या आईनं पण नाही केली कधी."

तो हसला, मग त्याला आठवलं की कुणाबद्दल बोलतोय. रिकाम्या गादीकडे त्याने बघितलं नाही.

परत येताना मी मनाशी दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या. एक, या मुलाच्या अंगात काही महिने औषध जात होतं. दोन, हा मुलगा तपासणीच्या रांगेत पहिला उभा राहिला. ज्याला ठाऊक आहे तो असा उभा राहत नाही. म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं. मग ते त्याच्या पोटात गेलं कसं? जो नजरेआडचं पाणीसुद्धा ओतून टाकतो, त्याने रोज काहीतरी घेतलं होतं, आणि ज्याने दिलं त्याच्यावर कधी शंका घेतली नव्हती.

३

सोकचॉनमध्ये असलं औषध मिळायचं ठिकाण एकच. बाजारामागे मेंगची व्यायामशाळा आहे. मेंग स्वतः एके काळी वजनं उचलायचा. आता त्याची मान आखडलेली असते आणि गुडघे वाजतात. मी नोकरीत असताना त्याला दोनदा आत घातलं होतं, म्हणून त्याने मला बसायला स्टूल दिलं.

तो म्हणाला, तो शाळेच्या पोरांना काही विकत नाही. मी हसलो. त्याला राग आला.

"खरं सांगतो साहेब. पोरं येतात. सगळी येतात. खिशात हात घालून उभी राहतात आणि विचारतात, काका, मित्राला हवंय, किती दिवस लघवीत दिसतं? त्यांच्या मनाची तयारी असते, पण हाताची नसते. नुसतं विचारून जातात."

"ग्यूवॉन आला होता?"

मेंगने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "एकदा आला होता. गेल्या पावसाळ्यात. इतर पोरांसारखाच उभा राहिला, विचारलं, आणि गेला. घेतलं नाही काही. परत आला नाही."

मला ते ऐकायचं नव्हतं. मेंगच्या व्यायामशाळेत एक म्हातारा जागच्या सायकलवर पाय मारत होता आणि टीव्हीवर कोबी कसा खारवायचा ते दाखवत होते. ग्यूवॉन इथे आला होता, ही गोष्ट मी बॉमसूला सांगितली नाही. त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, आणि हे त्याचं उत्तर नव्हतं.

निघताना मी मेंगला विचारलं, पोरं नुसती विचारतात, तर मग विकत कोण घेतं?

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी या गावचा नाही.

"त्यांच्या आया," तो म्हणाला.

कुठली आई, ते तो सांगेना. तीन बाया नेहमी येतात एवढंच म्हणाला. मग मी उठून दार लावलं आणि परत स्टुलावर बसलो. तेव्हा त्याने एक खूण सांगितली. त्यातल्या एकीच्या अंगाला नेहमी बकऱ्याचा वास येतो.

४

चू सरांवर गावाचा संशय होता. ते या संघाचे प्रशिक्षक. सुवर्णपदक आलं असतं तर त्यांची नोकरी पक्की झाली असती. शिवाय ज्या दिवशी ग्यूवॉन गेला, त्याच संध्याकाळी त्यांनी वसतिगृहाचा फ्रिज रिकामा केला, हे शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, साफसफाई केली.

मी गेलो तेव्हा ते सरावाच्या हॉलमध्ये एकटेच होते. अंगठ्याला गुंडाळलेली चिकटपट्टी सोलत होते. डोळ्यांखाली सूज होती. त्यांच्या तोंडाला सोजू दारूचा वास येत होता, आणि दुपार अजून व्हायची होती.

फ्रिजबद्दल विचारल्यावर त्यांनी नाकारलं नाही. डॉक्टरांनी दवाखान्यात त्यांना सहज विचारलं होतं की पोरगा काही टॉनिक वगैरे घ्यायचा का. ते ऐकून ते तडक फ्रिजकडे गेले. कारण फ्रिज काढ्यांनी भरलेला असायचा. प्रत्येक मुलाची आई काही ना काही पाठवायची. कुणी बाम माशांचा अर्क, कुणी हरणाच्या शिंगाचा काढा, कुणी काळ्या बकऱ्याचा. वरून आदेश होता की असलं काही मुलांना देऊ नका, त्यात काय असेल सांगता येत नाही. सरांनी आदेश वाचला, सही केली आणि फ्रिज तसाच चालू ठेवला.

"कुठल्या आईला नाही म्हणू?" ते मला म्हणाले. "बस बदलून बदलून येतात. पिशवी अजून गरम असते. मी म्हणू, काकू, हे परत न्या?"

मी विचारलं, बकऱ्याचा काढा कुणाचा?

दोहानच्या आईचा, ते म्हणाले. तिचं काढ्यांचंच दुकान आहे, पलीकडच्या गावात. खालचा सगळा कप्पा तिच्या पाउचांनी भरलेला असायचा.

"तो तुम्ही फेकलात?"

सरांनी पट्टी सोलणं थांबवलं.

"नाही," ते म्हणाले. "मी उघडला तेव्हा वरचे कप्पे भरलेले होते. खालचा रिकामा होता. पुसून ठेवलेला होता."

तोवर शवविच्छेदन झालं नव्हतं. पोरगा कशाने गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर फक्त हृदय म्हणाले होते. अशा वेळी फ्रिजचा एकच कप्पा कोण पुसेल? मी विचारलं, त्या दुपारी वसतिगृहात कोण होतं? कुणी नाही, सर म्हणाले. सगळा संघ शाळेच्या बसने दवाखान्यात आला होता.

"सगळा?"

"दोहान सोडून. त्याला उलट्या होत होत्या."

५

दुकानात शिरण्याआधीच वास आला. बकऱ्याचं मांस, आलं, खजूर, आणि कसलीतरी कडू मुळं, सगळं एकत्र शिजत होतं. मोठे बंद हंडे भिंतीला लावलेले होते, आणि कोपऱ्यातलं यंत्र काढा पाउचात भरून त्यांची तोंडं चिकटवत होतं. दोहानची आई बारीक बाई होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. नवरा नाही. मुलगा एकच.

मी कोण ते सांगितलं. ती नमस्काराला वाकली, ग्यूवॉनबद्दल वाईट वाटतं म्हणाली, आणि मला बसायला उशी दिली. गरम काढ्याचा कप पुढे ठेवला. मी तो हातात धरून ठेवला.

दोहानचा विषय निघाल्यावर ती थांबेना. पोरगा तिसरीत असताना वडील गेले. शिक्षणात डोकं चालत नाही, पण अंगात जिद्द आहे. चू सर म्हणाले होते की या खांद्यांवर खेळाडू म्हणून विद्यापीठात जागा मिळणार नाही. विद्यापीठ नाही म्हणजे काय? म्हणजे हे दुकान. हे हंडे. तिने आपले हात पुढे करून दाखवले.

"इतके महिने पाजतेय, पण दंडावर काही दिसत नाही," ती म्हणाली. "दर रविवारी विचारते, नीट पितोस ना रे? म्हणतो, पितो. मग जातं कुठं?"

मी म्हणालो, मेंगने सांगितलं मला.

यंत्र आपलं काम करत राहिलं. एक पाउच खाली पडला, दुसरा पडला. तिने उठून ते बंद केलं नाही.

मग ती म्हणाली, गोळ्या कुटून तिने घातल्या होत्या, खरं आहे. पण आपल्या पोराच्या काढ्यात घातल्या. दुसऱ्याच्या मुलाला ती कशाला घालेल? ग्यूवॉनच्या अंगात तेच निघालं हे ऐकून तिला वाटलं, त्याच्याही घरचं कुणीतरी मेंगकडे जात असेल. ती घाबरली आणि त्या दिवसापासून घालणं बंद केलं. एवढंच.

तिला खरोखर कळलं नव्हतं. ती कधी वसतिगृहात राहिली नव्हती. मी तिला सांगितलं. वसतिगृहात घरून काहीही आलं तर ते आधी खोलीतल्या मोठ्याला. लहान मुलगा दोन्ही हातांनी पुढे करतो, आणि मोठ्याला ते घ्यावं लागतं. घेतलं नाही तर त्या मुलाचा आणि त्याच्या घराचा अपमान. दुकानातली पावडर ग्यूवॉनने परत केली असती. पण धाकट्याच्या आईने स्वतः शिजवलेला बकऱ्याचा काढा त्याला औषध वाटला नाही. त्याच्या लेखी ते जेवण होतं. त्याची चूक झाली ती तेवढीच.

तिने तोंडावर पदरासारखा एप्रन ओढला. मग एकदम एप्रन खाली घेतला आणि म्हणाली, "दोहानला यातलं काही माहीत नाही. मी एकटीनं केलं. लिहून देते, अंगठा देते, काय हवं ते. त्याला माहीत नाही."

ती हे फार पटकन म्हणाली.

मी कप खाली ठेवला. दोहानला माहीत नसेल, तर त्याने खालचा कप्पा का पुसला? काढ्यात फक्त बकरा आहे असं ज्याला वाटतं, त्याला तो फेकायचं कारणच नाही. त्याला माहीत होतं. आणि माहीत असून त्याने तो रोज सकाळी दोन्ही हातांनी पुढे केला होता.

का, ते मात्र बसमध्ये बसेपर्यंत मला कळलं नव्हतं. भीती वाटली म्हणून आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकललं? मग ओतून टाकायचं, मोरी खोलीच्या शेजारी होती. ग्यूवॉनचा राग होता? राग असलेला माणूस पाठ चोळत नाही, डोकं दुखतं का विचारत नाही.

त्यावर मी थांबलो. लघवीचा रंग. धाकटा मुलगा दादाला किती वजन उचललं ते विचारेल, कसं उचललं ते विचारेल. लघवीचा रंग तो विचारणार नाही.

पुढच्या थांब्यावर मी उतरलो आणि शाळेकडे जाणारी बस पकडली.

६

सराव संपला की लहान मुलांनी बार साफ करायचे, अशी पद्धत आहे. बारच्या खरखरीत भागात खडूची पूड बसते, ती तारेच्या ब्रशने काढायची. दोहान जमिनीवर बसून ते करत होता. मांडीवर बार, हातात ब्रश. चेहरा आईसारखा. अंगावर खरंच काही नव्हतं, मानेची हाडं दिसत होती.

मी त्याच्यासमोर बसलो. तो उठून वाकायला लागला, मी त्याला बस म्हटलं.

तुझ्या आईला भेटून आलो, असं मी सांगितलं. तिने सगळं स्वतःवर घेतलंय, हेही सांगितलं. ती तुरुंगात जाईल, आणि तू पुढच्या महिन्यात निवड चाचणीला जाशील. ग्यूवॉनची जागा रिकामी आहे.

ब्रश थांबला.

"आईनं मला विचारलं होतं," तो म्हणाला. "गोळ्या मिळाल्यात, घालू का, घेशील का. मी हो म्हणालो."

"मग प्यायला का नाहीस?"

"पहिला पाउच फाडला. वास तोच होता. पण हात पुढे जाईना."

"फेकायचा होतास."

"आईनं केलेलं कसं फेकू?"

मी वाट बघितली. नोकरीत असताना मला एकच गोष्ट नीट यायची, वाट बघायची.

"दादांना दिला," तो म्हणाला. "आधी त्यांनाच द्यायचा असतो. ते म्हणाले, तू पी, तू बारीक आहेस. मी म्हटलं, माझा पिऊन झाला."

"रोज?"

"रोज."

"आणि रोज विचारायचास, डोकं दुखतं का, धडधडतं का."

त्याने मान हलवली.

"दोहान, तुझी तयारी होती की नव्हती?"

त्याने बारवरची पूड अंगठ्याने पुसली. खूप वेळ पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "होती. त्यांना काही झालं नाही तर मी सुरू करणार होतो. आईला सांगितलं होतं, येत्या सोमवारपासून रोजचे दोन पाठव म्हणून."

ग्यूवॉन त्याआधीच्या शुक्रवारी गेला होता.

मला रागावता आलं असतं. त्याचा हात मी माझ्या हाताखाली चिरडू शकलो असतो, एवढा बारीक होता. पण समोर बसलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. दादाच्या बाबतीत त्याने ते केलं जे राजाच्या ताटातलं आधी दुसऱ्याला चाखायला लावणारे करतात, फक्त इथे नाव सेवेचं होतं, आणि सगळं वसतिगृह ते बघून हसत होतं.

"त्यांचा बार रोज वर जात होता," तो म्हणाला. "मला वाटलं, चांगलं चाललंय. ते किती खूश होते. मला वाटलं, मी त्यांचं भलंच करतोय."

मग त्याने विचारलं, हा बार पूर्ण करून येऊ का? मी हो म्हणालो. त्याने उरलेला भाग नीट घासला, बार जागेवर ठेवला, ब्रश खिळ्याला अडकवला, आणि माझ्याबरोबर ठाण्यात आला.

७

बॉमसूला मी त्याच्या शेडमध्ये सांगितलं. तो इंजिनाखाली होता. बाहेर येऊन उकिडवा बसला आणि सगळं ऐकलं. मी दोहानचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, काही गाळलं नाही.

शेवटी त्याने एकच विचारलं. "त्याला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

तो नळाकडे गेला आणि हात धुऊ लागला. तेल निघण्यासारखं नव्हतं, तरी बराच वेळ धुत राहिला. मग म्हणाला, फोटो परत लावा म्हणावं त्यांना.

त्याला महिने लागले. मेंगवर खटला उभा राहिला, दोहानच्या आईवरही. दोहानचं प्रकरण बाल न्यायालयात गेलं. चू सरांनी राजीनामा दिला. महासंघाने लिहून कळवलं की ग्यूवॉनचा दोष नव्हता, पण विक्रम परत मिळणार नाही, कारण औषध अंगात होतंच. बॉमसू म्हणाला, विक्रमाचं मला काय करायचंय.

फोटो लावायचा दिवस ठरला तेव्हा आम्ही दोघे गेलो. मुख्याध्यापक वाकले, बॉमसू वाकला. फोटो त्याच खिळ्यावर लावला. मग मुख्याध्यापकांनी विनंती केली की आज मुलांसाठी व्याख्यान आहे, याच विषयावर, तुम्ही थांबलात तर बरं वाटेल.

आम्ही हॉलच्या मागच्या भिंतीशी उभे राहिलो. राजधानीहून एक बाई आल्या होत्या. चांगल्या बोलल्या. यकृत, हृदय, मनावर होणारे परिणाम, सगळं पडद्यावर दाखवलं. ग्यूवॉनचं नाव घेतलं नाही, पण मुलं वळून वळून बॉमसूकडे बघत होती. इन्हो दुसऱ्या रांगेत होता. नवीन वर्षाची मुलंही आली होती, चेहऱ्यांवर अजून घरचा मऊपणा होता.

शेवटी बाई म्हणाल्या, आता मी एक प्रश्न विचारणार आहे. खरं उत्तर हवं, म्हणून सगळ्यांनी डोळे मिटा. घट्ट मिटा, शेजाऱ्याकडे बघायचं नाही. समजा, एक औषध आहे, त्याने पदक नक्की मिळेल आणि कुणाला कधीच कळणार नाही. घ्यायचा विचार करेन असं ज्याला वाटतं, त्याने हात वर करा.

मग त्यांनी मागे आमच्याकडे बघून हलक्या आवाजात सांगितलं, मोठ्यांनी उघडे ठेवले तरी चालतील.

बॉमसूने डोळे मिटले. त्या मुलांसारखेच, घट्ट. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले होते. माझ्या लक्षात आलं की त्याने श्वासही धरून ठेवलाय.

मी बघितलं.

बाईंनी आभार मानले, हात खाली करायला सांगितले, आणि डोळे उघडायला सांगितले. मुलं उठली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी कुणाच्या तरी पाठीत बुक्की मारली, आणि सगळी सरावाच्या हॉलकडे गेली. थोड्याच वेळात फळ्यांवर लोखंड आदळायला लागलं.

आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. समुद्रावरून वारा येत होता. बॉमसू बाकावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुम्ही उघडे ठेवले होते ना, दाजी?"

"हो."

तो पुढचा प्रश्न विचारेल म्हणून मी थांबलो. बस आली. दार उघडलं. तो उठला, टोपी डोक्यावर घातली, आणि मला आधी चढायला जागा करून दिली.